पोखर्णीत उघडलेला लॅपटॉप

माझा स्वभाव मुळातच संशयी, आणि त्यात धंदा फोटोग्राफीचा. ताडकळसला माझा लहानसा स्टुडिओ आहे. देवाच्या फोटोमागं तेजाचं वलय टाकून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं माझ्याकडं येतात, आणि ते वलय मी माझ्याच हातानं टाकून देतो. त्यामुळं कुणी मोबाईलवर चमत्काराचा फोटो दाखवला, की माझी नजर आधी तो कुठं जोडलाय ते शोधते. देवापुढं हात जोडायचो, पण घरच्यांबरोबर, सवयीनं. मागच्या उन्हाळ्यात जे झालं ते मी कुणाला पटवून द्यायला सांगत नाही. झालं तसं सांगतो.

जवळच्या एका वाडीवरच्या सारिकाच्या लग्नाचे फोटो मी काढले होते. तिचे आईवडील ऊसतोडीला जाणारे. कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, ते गावी आले आणि लेकीचं लग्न उरकलं. लग्नाची हळद उतरली नाही तोच तिचे वडील शेतात काम करता करता कोसळले, ते परत उठलेच नाहीत. त्या माणसाचा आयुष्यात दुसरा धड फोटो नव्हता. आधार कार्डावरचा होता, पण तो घरचेसुद्धा ओळखणार नाहीत असा. म्हणजे त्यांचा चेहरा जो काही शिल्लक होता, तो माझ्या लॅपटॉपमध्ये होता.

आणि तो लॅपटॉप एके सकाळी सुरूच होईना. काळी स्क्रीन, वर पांढरी अक्षरं: रिकव्हरी डिस्क टाका. ती डिस्क माझ्याकडं कधीच नव्हती. लॅपटॉप नांदेडच्या एका ओळखीच्याकडून जुना घेतलेला. त्याला फोन केला तर म्हणाला, मलाही मिळाली नव्हती. मला ते खरं वाटलं नाही. लग्नसराईत कॅमेऱ्याची कार्डं पुसून पुन्हा वापरलेली, आणि फोटो दुसरीकडं उतरवून ठेवायचं आज करू, उद्या करू म्हणत राहूनच गेलं होतं.

सारिका चुलत्याला घेऊन दुकानात आली. चुलता उभ्यानंच म्हणाला, "फोटू गेलेत का तुमी दडवायलाव? खरं काय ते सांगा."

"दडवून मला काय करायचंय, तात्या? मशीन बंद पडलंय."

त्याचा माझ्यावर विश्वास बसला नाही, हे दिसत होतं. त्याच्या जागी मी असतो तर माझाही बसला नसता. सारिका काही भांडली नाही. जाताना एवढंच म्हणाली, "दादा, अल्बम नगं मला. आबाचा एक फोटू निघंल का तेवढं बगा."

फोटो निघालेच तर उतरवून घ्यायला नवी कोरी हार्ड डिस्क पिशवीत टाकून मी लॅपटॉप परभणीला नेला. दुकानदारानं बघितलं आणि सांगितलं, "फॉरमॅट मारावं लागंल. चालू होईल, पण आतलं सगळं जाईल." आपलं काम सोपं व्हावं म्हणून हा असं सांगतोय, असं मला वाटलं. मी लॅपटॉप परत घेतला आणि बाहेर येऊन खालचे स्क्रू तपासले, यानं आतलं काही बदललं तर नाही ना म्हणून. तेवढ्यात बायकोचा फोन आला. पोखर्णीचा नरसिंह हे तिच्या माहेरचं कुलदैवत.

"आवं, परभणीपातूर गेलाव तर पोखर्णीला जाऊन या. नुसतं पायाला हात लावा."

"देव काय लॅपटॉप दुरुस्त करायलाय का?"

"मी कुठं तसं म्हणलं? जाऊन या."

मी गेलो, तो देवासाठी नाही. तसंच घरी जायचं आणि सारिकाला तोंड दाखवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

देवळाबाहेर चहाच्या हॉटेलात बसून मी उगाच एकदा लॅपटॉप उघडून बघितला. तीच काळी स्क्रीन. शेजारच्या बाकड्यावर पन्नाशीचे एक गृहस्थ होते. त्यांच्या घरची मंडळी नवस फेडायला रांगेत उभी होती. ते वाकून म्हणाले, "आतून खरखर आवाज येतो का?"

"न्हाई. का बरं?"

"मग तुमचं सामान आत शाबूत असेल. फक्त मशीनला उठायची वाट सापडत नाहीये. डिस्क लागत नाही त्याला. पेनड्राइव्हवरून सुरू करता येईल. थांबा, माझ्या गाडीत आहे. माझं कामच हे आहे."

ते गाडीकडं गेले आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. अनोळखी माणूस, न विचारता मदत करतोय, आणि आत लेकीबाळींचे फोटो. ते येईपर्यंत मी त्यांच्या गाडीच्या नंबरचा गुपचूप फोटो काढून ठेवला. कुठले म्हणून विचारलं, तर सोलापूरकडचे म्हणाले. तेही मी मनात लिहून घेतलं. त्यांनी पेनड्राइव्ह लावला, दोनचार बटणं दाबली, आणि बंद पडलेल्या त्या मशीनवर अनोळखी रंगाची स्क्रीन उजळली. माझे फोल्डर दिसले. सारिकाच्या नावाचंही होतं. तरी लॅपटॉपच्या कडेवरचा हात मी काढला नाही. माझी हार्ड डिस्क लावून त्यांनी फोटो उतरवायला घेतले.

"वेळ लागेल," ते म्हणाले. "तुम्ही दर्शन करून या. मी आहे इथं."

"न्हाई, बसतो की."

ते हसले. "गाडीचा नंबर नीट आलाय ना फोटोत?"

मी शरमेनं खाली बघितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी उठलो, पण विश्वास बसला म्हणून नाही, बसायला तोंड राहिलं नाही म्हणून.

रांगेत माझं सगळं लक्ष बाहेर. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला की मान वळवून बघायचो. गाभाऱ्यात वाकून गेलो, पायांवर डोकं टेकवलं, तेव्हाही कान बाहेरच. मग वाटलं, हे काय करायलोय मी? पायाला हात लावलाय आणि जीव हॉटेलातल्या बाकड्यावर अडकलाय. मनातल्या मनात म्हणालो, नरहरी, गेला तर गेला. माझ्या राखण्यानं राहिलं असतं तर इथवर आलोच नसतो. त्या पोरीचं तेवढं तू बघ. एवढं म्हणताना आतली मूठ कशी कोण जाणे सैल झाली. कितीतरी दिवसांनी मी लांब श्वास घेतला.

बाहेर आलो तर बाकडं रिकामं. ना माणूस, ना लॅपटॉप. गाभाऱ्यातलं सगळं एका क्षणात उडालं आणि मी ओरडलोच. हॉटेलवाल्यानं पलीकडं बोट केलं. नारळाच्या दुकानात, फुलांच्या टोपल्यांमध्ये, ते मांडी घालून बसले होते. बॅटरी संपत आली म्हणून दुकानदाराकडं प्लग मागून त्यांनी चार्जर लावला होता.

फोटो सगळे उतरले होते. पेनड्राइव्हवर सिस्टीम कशी टाकून घ्यायची, म्हणजे लॅपटॉप डिस्कशिवाय पुन्हा उभा राहील, तेही त्यांनी समजावलं. तेवढ्यात त्यांची माणसं प्रसाद घेऊन आली आणि ते निघाले. मला नीट आभारसुद्धा मानता आले नाहीत. मोबाईलमधला गाडीच्या नंबरचा तो फोटो मी तिथंच पुसून टाकला. मनाला तेवढीच एक शिक्षा.

दुसऱ्या दिवशी सारिकाला दुकानात बसवून एकेक फोटो दाखवत गेलो. आबा बहुतेक फोटोत पाठमोरेच, नाहीतर वाढपात वाकलेले. मग एक आला. पंगती उठलेल्या, मांडव रिकामा, आणि ते डोक्यावरचा फेटा सावरत, थेट माझ्याकडं बघून लाजल्यासारखे हसतायत.

"हे कवा काढलं दादा?" तिनं विचारलं.

मला आठवत नव्हतं, आणि अजूनही आठवत नाही. लग्नात शेकडो वेळा बटण दाबलं जातं, तसंच तेही असेल. पण असं कुठं काही दिसलं की मी जोड शोधत बसतो, तसा त्या दिवशी बसलो नाही. चुलता डोक्यावरची टोपी काढून स्क्रीनपुढं उभा राहिला. सारिकानं पदर तोंडाला लावला आणि बापाकडं बघत राहिली. मी खुर्ची मागं सरकवली आणि दुकानाबाहेर जाऊन थांबलो, पाहिजे तेवढा वेळ तिला आबांजवळ बसता यावं म्हणून.