विहिरीतले रविवार

मी ढाणकीच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात नर्स आहे. त्या वर्षी आमच्याकडे जागा रिकाम्या होत्या, त्यामुळे एक ड्युटी संपता संपता दुसरी सुरू व्हायची. सुट्टी असायची ती कागदावरच. घरी चप्पल काढेपर्यंत फोन यायचा. भाजीत मीठ कमी आहे एवढं नवरा म्हणाला तरी माझे डोळे भरायचे, आणि वॉर्डात मात्र मी कोरडी ठाक.

एका सकाळी एक आजोबा पेढे घेऊन आले. त्यांच्या सुनेचं बाळंतपण मीच केलं होतं. पेढा हातात घेतला, पण मुलगा झाला होता की मुलगी, तेच मला आठवेना. आमच्या मोठ्या सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. त्यांना आम्ही सगळ्या ताई म्हणतो. त्यांनी मला औषधांच्या खोलीत नेलं आणि काय होतंय ते विचारलं.

"मले काहीच वाटत नाही, ताई," मी म्हणाले. "बाळ रडलं तरी नाही. आता त्याचंच भेव वाटते."

ताईंनी उपदेश केला नाही. त्या मला घेऊन सरळ डॉक्टरसाहेबांकडे गेल्या. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. आपल्यालाही कधी कधी फाटकातूनच परत फिरावंसं वाटतं, असं ते हळूच म्हणाले. मग ठरलं की ज्याची सुट्टी असेल त्याला त्या दिवशी कोणी फोन करायचा नाही. अडचण आली तर ती साहेब निस्तरतील.

सुट्टी मिळाली, पण तिचं करायचं काय ते कळेना. पहिल्या रविवारी मी कपाटं आवरत बसले. ते ऐकून पुढच्या रविवारी ताई मला त्यांच्या माहेरच्या शेतात घेऊन गेल्या. तिथे पायऱ्यांची मोठी विहीर आहे. लहानपणी ताई तिच्यातच पोहायला शिकल्या. त्यांनी माझा मोबाईल पिशवीत टाकून कडुलिंबाच्या फांदीला टांगला, बुडू नये म्हणून माझ्या पाठीला तेलाचा रिकामा, बंद डबा बांधला आणि पाण्यात उतर म्हणाल्या. चाळिशीला आलेली मी, पायरी सोडायला तयार नव्हते.

"कायले अंग ताठ करून राह्यली?" ताई पाण्यातून म्हणाल्या. "मी हावो ना खाली. सोड हात."

हात सोडला. नाकातोंडात पाणी गेलं, डबा एका बाजूला, मी दुसऱ्या. ताईंनी ओढून पायरीवर बसवलं तेव्हा मी खोकत होते आणि हसतही होते. किती दिवसांनी हसले, ते सांगता येणार नाही. त्या रात्री गाढ झोपले.

हळूहळू आमच्या औषधवाल्या मॅडम आणि लॅबवाली मुलगीही जमेल तशा यायला लागल्या. पाण्यात बसून दवाखान्यातलं बोलायचो. कधी एखादी रडायची, बाकीच्या ऐकून घ्यायच्या. काम काही कमी झालं नाही. एक जागा भरली, एक अजून रिकामीच आहे. पण आता बाळ हातात आलं की त्याचा चेहरा मी नीट बघते, आणि सुट्टी मागताना मान खाली घालत नाही.

परवा नवरा मला घ्यायला शेतात आला होता. वरून बराच वेळ बघत राहिला. मग त्याने ताईंना विचारलं, आम्हा पुरुषांना शिकवता का? ताईंनी त्याला तो डबा दाखवला आणि आधी वजन कमी करून ये म्हणून सांगितलं.