पाकिटातली डोकी

हां, तर काल आपण इस्त्रीपाशी थांबलो होतो. कात्रीमावशीनं संग्रहालयाला द्यायची म्हणून घरातली सगळी जुनी पत्रं बाहेर काढली. आता लोकांच्या हाती द्यायची ती चुरगळलेली कशी द्यायची, म्हणून बसून एकेका पत्राला इस्त्री केली. वर मलमलीचं फडकं टाकून, हलक्या आचेवर, नवरदेवाच्या कॉलरला करावी तशी. त्यात आजोबांची पत्रं होती, उजवीकडून डावीकडे धावणाऱ्या अक्षरांतली. वडिलांनी आईला लग्नाआधी लिहिलेली होती, ज्यांत प्रेम एका ओळीत आटोपलेलं आणि सर्दीची हकिकत दोन पानं. परदेशी गेलेल्या काकांना लिहिलेली, पण पाठवायची राहून गेलेली होती, आणि त्यांच्या कडेकडेनं घरातल्या प्रत्येकानं आपली एकेक ओळ घुसडलेली. पत्र कसलं, पाणपोईवरची गर्दी!

ही कडक घडीची चळत बघून संग्रहालयाच्या दफ्तरखान्यातल्या बाई मटकन खुर्चीत बसल्या.

"मावशी, तुम्ही यांना इस्त्री केलीत?"

"मग? स्टार्च नाही केलं हो," मावशी म्हणाली. "ते तुम्हाला विचारल्याशिवाय कसं करणार?"

काल जे नव्हते त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की कात्रीमावशी म्हणजे बाजारामागच्या गल्लीत कपडे कमीजास्त करून देणारी बाई. ढगळ असेल ते घट्ट, आखूड असेल ते लांब, आणि पोट सुटलेल्या पुरुषाची अब्रू शाबूत राहील असा कमरेत लपवलेला जोड, ही तिची खासियत. घर ज्यू. शनिवारी सुईला हात लावायचा नाही हा घरचा नियम. बाकी दिवस कात्री गळ्यात, फितीला बांधलेली, डॉक्टरच्या नळीसारखी. माणूस दारात आला की ती त्याच्या तोंडाकडे बघत नसे. आधी शिवण बघायची, मग माणूस.

पण आता डोळे दोरा ओवू देईनात आणि गुडघे जिना चढू देईनात. दुकान बंद करून मुलाकडे राहायला जायचं ठरलं. मुलाच्या घरात मावशीपुरती जागा होती, घरच्या पत्रं-फोटोंनी भरलेल्या तिच्या पेटीपुरती नव्हती. नेमकं त्याच सुमाराला संग्रहालयानं शहरातल्या जुन्या ज्यू घराण्यांचे फोटो आणि पत्रं सांभाळण्यासाठी एक वेगळी खोली केली. प्रार्थनाघरात प्रार्थनेला लागतात ती दहा डोकी जमवताना आता नाकी नऊ येत. निदान भिंतीवर तरी गर्दी दिसेल, म्हणून मावशीनं पेटी उचलून दफ्तरखान्यात नेऊन ठेवली.

दफ्तरवाल्या बाई स्वभावानं गरीब गाय. कागदाशी अशा हळू बोलायच्या, जणू पाळण्यातलं बाळ जागं होईल. इस्त्रीचा धक्का ओसरल्यावर त्यांनी फोटो बाहेर काढले, आणि एक फोटो मोठ्या कौतुकानं मावशीपुढे ठेवला.

"हा तर खजिनाच आहे, मावशी. दुसऱ्या कुठल्याच घराण्यात असा नाही मिळाला. मी टिपणसुद्धा करून ठेवलंय. 'घरगुती नाटकाचा प्रयोग. मामा स्त्रीभूमिकेत.'"

मावशीनं चष्मा सावरून पाहिलं. फोटोत झालरीचा झगा घातलेली एक व्यक्ती कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि तिला झुपकेदार मिशा होत्या. शेजारी कोट-पाटलोणीत, छाती काढून, मामी उभ्या.

"नाटक? अहो, मामानं जन्मात नाटक पाहिलं नाही. तिकीट काढून आत जाऊन झोपायचा तो. ही आईची चूक आहे."

"आईंची म्हणजे?"

"घाईत चुकीच्या धडावर लावलंन डोकं."

दफ्तरवाल्या बाईंच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

मग मावशीनं जे सांगितलं ते ऐकण्यासारखं आहे. तिची आईही शिवणकामवालीच. राग तिच्या नाकावर नव्हे, बोटांवर. कोणाशी बिनसलं की ती आरडाओरडा करायची नाही, भांडी आपटायची नाही. शांतपणे फोटो काढायची, कात्री काढायची, आणि त्या माणसाचं डोकं गोल कापून काढायची. एक घाव दोन तुकडे! पण टाकून मात्र द्यायची नाही. वाटाण्याएवढी ती डोकी एका पाकिटात जपून ठेवायची. समेट झाला की मैद्याची खळ करून डोकं परत जागच्या जागी. घरात कोणाचं कोणाशी बरं चाललंय हे कळायला विचारावं लागत नसे, फोटो बघितला की झालं. पाहुणे आले की आधी गुपचूप भिंतीकडे बघून घेत, आपण अजून आहोत ना!

मामा-मामींशी भांडण एकदम झालं आणि मिटलंही एकदम. ते दोघं मिठाई घेऊन दारात उभे, आणि आई आत खळ ढवळत्येय. त्या धांदलीत झाली अदलाबदल. मामींनी पुढं वर्षानुवर्षं तो फोटो मागितला नाही. मामांनी मात्र मागितला. म्हणे, झगा बरा दिसतो.

"मग आता मी काय लिहू?" दफ्तरवाल्या बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"लिहा की, बायको वरचढ होती. ते खोटं नाही."

पेटीच्या तळाशी ते पाकीटही निघालं. बाईंनी चिमट्यानं एकेक डोकं पांढऱ्या कागदावर मांडलं. मावशी ओळख करून देऊ लागली, जशी लग्नाच्या मांडवात देतात.

"हा वडिलांचा मित्र. उसनी शिडी परत केली नाही. ही शेजारीण, आमच्या मांजराला लबाड म्हणाली. आणि हा घरमालक."

"घरमालक? पण ते कुटुंबाच्या फोटोत कसे?"

"नव्हताच तो. आईनं मुद्दाम बोलावून, चहा पाजून, मधोमध उभा केला आणि फोटो आल्यावर कापला."

बाईंना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी पाकीट झटकलं, आणि कोपऱ्यात अडकलेलं आणखी एक डोकं बाहेर पडलं. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, चेहऱ्यावर खट्याळ हसू.

"आणि ही गोड पोर कोण?"

मावशी गळ्यातली कात्री चाचपत खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "हे आईनं कापलेलं नाही. हे मी."

ती धाकटी बहीण. आणि भांडण कशावरून, तर रफूवरून! ज्यू घरात जवळचं माणूस गेलं की अंगावरचा कपडा फाडायचा. आईबापांसाठी डाव्या बाजूला, काळजावर. आणि आईबापांसाठी फाडलेलं पुन्हा सुबक शिवायचं नाही. फार तर मोठे मोठे टाके घालून ओढून घ्यायचं. ते भोक भरून निघत नसतं, म्हणून. आई गेली तेव्हा दोघी बहिणींनी एकमेकींच्या गळ्यात पडून झंपर फाडले. आणि काही महिन्यांनी धाकटी तोच झंपर घालून दुकानात आली. फाटल्याची खूणसुद्धा नाही! असं रफू, की जणू आई कधी मेलीच नव्हती.

"शोभतं का तुला?" मावशी कडाडली.

"तो एकच चांगला झंपर आहे माझा, ताई."

"आणि केलं कोणी?"

धाकटीनं समोरच्या शिंप्याचं नाव घेतलं. समोरच्या! मावशीचा जन्माचा वैरी. त्या दिवशी मावशीनं पहिल्यांदा आणि शेवटचं कोणाचं डोकं कापलं. लोकांना ती सांगायची, धाकटीनं रीत मोडली. पण गल्लीला ठाऊक होतं, की रीत मोडल्याचं दुःख एका पारड्यात, आणि ते काम समोरच्याला दिल्याचं दुसऱ्या पारड्यात टाकलं, तर कुठलं पारडं खाली जाईल. आई असती तर आठवड्याभरात खळ शिजली असती. आई नव्हती. आणि सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातून हा तर दोन्हीकडचा पीळ. केस पांढरे झाले दोघींचे.

"आणि हिचं धड?" बाईंनी हळूच विचारलं.

मावशीनं तो फोटो काढून दिला. दुकानाच्या पायरीवर आई खुर्चीत बसलेली, दोन बाजूंना दोन मुली. उजवीकडच्या मुलीच्या फ्रॉकवर, मानेच्या वर, स्वच्छ गोल भोक. पण तिचा हात तसाच आईच्या खांद्यावर.

दफ्तरवाल्या बाईंनी घसा साफ केला. "हे बघा मावशी, आमचा नियम असा की वस्तू आली तशी ठेवायची. एकदा शिक्का पडला की जोडायचं नाही, तोडायचं नाही. फोटो एका पाकिटात राहील आणि डोकं दुसऱ्या."

"किती दिवस?"

"दिवस कसले? कायमचं. तुमच्याआमच्या नंतरही. पुढे कोणी अभ्यासाला येईल, त्याला दोन्ही दाखवू."

"म्हणजे मी मेल्यावरसुद्धा आमचं भांडण चालूच?"

"तसंच म्हणायचं."

मावशीचा चेहरा उतरला. तिनं डोकं कापलं होतं ते पुन्हा लावायचं म्हणूनच ना! घरात कोणाचंच कायमचं कापलेलं नव्हतं, एक तो घरमालक सोडला तर. भांडण घरातलं होतं तोवर ठीक. त्यावर शिक्का मारून कोणी परका माणूस कपाटात कुलूपबंद करणार म्हटल्यावर तिनं फोटो आपल्याकडे ओढून घेतला.

"शिक्का कधी मारता?"

"सोमवारी. तोवर वस्तू तुमची. तुम्ही काय करता ते मला दिसत नाही," असं म्हणून त्या भल्या बाईंनी खरोखरच भिंतीकडे तोंड केलं.

रविवारी सकाळी मावशी दोन बसा बदलून धाकटीच्या दारात. दार उघडलं ते धाकटीनंच.

"कोण मेलं?" धाकटीनं विचारलं. इतक्या वर्षांनी ताई दारात म्हणजे दुसरं काय असणार!

"कोणी नाही. तुझं डोकं लावायचंय."

"कुठल्या फोटोतलं?"

"पायरीवरचं."

"तो? त्यात माझा दात पडलेला आहे. दुसरं नाही का एखादं?"

"मी काय डोक्यांचं दुकान काढलंय का, धाकटे? एकच आहे. लावू की नको?"

धाकटीनं तिला आपादमस्तक न्याहाळलं. "लावणार कोण? तू? तुझा हात थरथरतो म्हणे हल्ली."

"कोण म्हणालं?"

"मी चौकशी ठेवते."

हे ऐकून मावशी तिथंच उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, "पाणी तरी विचार. दोन बसा बदलून आलेय."

सोमवारी दफ्तरखाना उघडायच्या आधी दोघी म्हाताऱ्या पायरीवर हजर, आणि बसमध्ये खिडकीजवळ कोणी बसायचं यावरून एव्हाना एक भांडण होऊन गेलेलं. दफ्तरवाल्या बाई म्हणाल्या, माझ्या धंद्याला हे शोभत नाही, पण लावायचंच असेल तर निदान माझी खळ वापरा. धाकटीनं फोटो धरला, मावशीनं चिमट्यानं डोकं उचललं.

"डावीकडे घे, ताई."

"गप. मला दिसतंय."

"मान वाकडी होतेय माझी."

"तुझी मान वाकडीच होती लहानपणापासून."

डोकं बसलं. किंचित तिरकं, जणू आईच्या कानात काहीतरी चहाडी सांगतंय. दोघी बराच वेळ वाकून बघत राहिल्या. धाकटीनं नाक पुसलं आणि म्हणाली, खळीचा वास आला डोळ्यात. वास डोळ्यात जातो का, हे त्या दिवशी कोणी तिला विचारलं नाही.

मग बाईंनी नोंदीचं कार्ड पुढे ओढलं. "मावशी, फोटोला तुकडा जोडलेला आहे, तर मला कारण लिहावं लागेल. का कापलं ते कळलं. पण परत का लावलं? 'राग गेल्यामुळे' असं लिहू?"

धाकटीनं कान टवकारले. कात्रीमावशीनं आधी फोटोकडे पाहिलं, मग बहिणीकडे, आणि म्हणाली,

"छे! खोटं नका लिहू, बाई. राग आहे अजून, तो मी बरोबर घेऊन जाणार. लिहा, तिच्या जागी भोक बघून बघून थोरलीच्याच मानेत कळ यायला लागली होती."