डब्यातला बैल कुणाचा

नव्वदच्या आसपास मी बेल्याच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवत होते. सिनेमाचा शोध कुणी लावला, याला पुस्तकात एकच नाव होतं. चित्रकला शिकवणारी माझी मैत्रीण म्हणाली, "एकाचंच काऊन? मी तर दोघा भावांचं ऐकलं." या वादातूनच अदिलाबादच्या विज्ञान प्रदर्शनात हलतं चित्र न्यायचं ठरलं.

डालड्याच्या गोल, उघड्या डब्याला मी वरच्या अर्ध्या भागात उभ्या फटी पाडल्या. तिनं कागदाच्या पट्टीवर पळता बैल काढला, दरेक चित्रात पाय जरासे पुढे. पट्टी आत लावून डबा फिरवला, तर सगळं धुरकट. फटी रुंद झाल्या होत्या. दुसरा डबा आणला, काडीएवढ्या बारीक फटी पाडल्या, काळा रंग दिला. फटीला डोळा लावला अन् बैल पळाला!

हेडमास्तरांनी विचारलं, "प्रदर्शनात डब्यापुढे ठेवायच्या कार्डावर एकच नाव लिहायचं. शोध कोणाचा?"

"माझा," दोघी एकदमच बोललो.

"माझ्या बैलाबिगर तुझा डबा रिकामा!"

"माझ्या फटींबिगर तुझा बैल नुसता डाग!"

अदिलाबादच्या बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो. मंडपात पोचून पाहतो, तर कार्डावर हेडमास्तरांचंच नाव.

"सर, हे काऊन?" मैत्रिणीनं विचारलं.

"तुमचं भांडण मिटून नाही राह्यलं. शाळेचं नाव होते ना, बस."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मी कार्ड उलटं केलं. कोऱ्या बाजूवर मी तिचं नाव लिहिलं, तिनं माझं.

तपासायला आलेले साहेब म्हणाले, "बाई, एकच नाव चालतं."

मी पट्टी काढून डबा फिरवला. "पाहा साहेब, काही दिसतं?"

"काहीच नाही."

तिनं पट्टी परत लावून डबा फिरवला. "आता फटीतून नका पाहू, वरून पाहा."

"नुसता पट्टा दिसतो."

"आता फटीतून."

साहेब वाकले, ते बराच वेळ उठेचनात. मग कार्डाकडे पाहत म्हणाले, "राहू द्या दोन्ही नावं."

हेडमास्तर चहाकडे निघून गेले.

बक्षीस गुडीहत्नूरच्या शाळेच्या पाणचक्कीला मिळालं. परतीच्या बसमध्ये आम्ही एकाच बाकावर होतो. पुढच्या साली बैलाऐवजी काय पळवायचं, यावरून अदिलाबाद सुटायच्या आतच आमचं पुन्हा जुंपलं.