हळदीसाठी पावरी

बहिणीची हळद आठवड्यावर आली आणि माझ्या कीबोर्डचा आवाज गेला. पट्ट्या शाबूत, दिवे लागतात, पण आतून हूं नाही की चूं नाही. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. आमच्या म्हसावदकडे हळदीला नाचायला पावरी लागतेच. भोपळ्याची आणि शिंगाची खरी पावरी फुंकणारे आता डोंगराकडेच उरलेत. बँडमध्ये तो सूर कीबोर्डवरच काढतात. आमच्या बँडमध्ये ते काम माझं. बहिणीने तर आधीच बजावलं होतं, "तूच वाजाडशी तवय मी नाचसू. दुसरा बँड लावशी ते पाटवरथीन उठावू नई."

मग कळलं, कीबोर्डची वायर लॅपटॉपला जोडली की पट्ट्या आपल्या आणि आवाज लॅपटॉपमधल्या प्लगइनचा. म्हणजे आख्खं वाद्यच सॉफ्टवेअरमध्ये! आणि कितीतरी चक्क फुकट! मी तर वेडाच झालो. सारंगखेड्याच्या जत्रेत पोर सोडल्यासारखा एकेक उघडत सुटलो. ऑर्गन घे, व्हायोलिन घे, कुठल्या कुठल्या देशांचे ढोल घे. काही नुसतेच फुकट म्हणवणारे. मधेच खरखर करून पैसे मागणारे. त्यांना शिव्या घालून मी पुढचं उतरवायचो. मोबाइलचा डेटा संपला की वहिनीच्या मोबाइलवर डल्ला.

शेवटी एक बासरी सापडली. हेडफोनमध्ये ऐकली आणि अंगावर काटा आला. अंगणात स्पीकर लावून वाजवली तर शेजारणी येऊन खाली बसल्या, माना डोलवू लागल्या. एकीचाही पाय हलला नाही.

"दादा, हाई देऊळमा बशीसन ऐकाजोगं शे," बहीण म्हणाली. "नाचाजोगं नई." तिचा चेहरा उतरलेला पाहून मला रडूच यायचं बाकी होतं.

सगळं गोड-गोड मी पुसून टाकलं. एक लहानसा फुकट सिंथ घेतला, म्हणजे मुळापासून सूर घडवायचा प्लगइन, दिसायला अगदीच ओबडधोबड. त्यात दोन धारदार सूर घेतले, एक जरासा बेसूर केला, फुंकरीसाठी थोडी सरसर मिसळली, घुमारा पार काढून टाकला. हेडफोनमध्ये ते इतकं कर्कश वाजलं की मीच कान धरले. मग लक्षात आलं, अरे, आपल्याकडे हेडफोन लावून नाचतं कोण? भरदुपारी बँडची गाडी दारात आणली आणि वायर थेट भोंग्यांना दिली.

पहिलाच सूर निघाला आणि गोठ्यात शेण काढणारी काकू टोपलीसकट ठेका धरू लागली! गल्लीतल्या पोरींनी एकमेकींच्या कमरेत हात घातले. मी गाडीवर उभ्या उभ्या ओरडलो, "सापडली! पावरी सापडली!"

हळदीच्या दिवशी बहीण पाटावर बसली होती. हळद लागलेल्या नवरीने पाट सोडायचा नाही, हा आईचा नियम. मी सूर लावला. घटकाभर ती खाली मान घालून बसली आणि मग उठलीच. पिवळ्याधमक पायांनी बायकांच्या रांगेत शिरली. आई तिला ओढायला धावली. रांगेने आईलाच आत घेतलं.

"बंद नको करजो, दादा!" फेरा घेता घेता ती ओरडली.

उद्या ती सासरी जाणार होती. मी कशाला बंद करतो!