पुंजण्याचं पांघरूण

धानाचा रोवणा, लावणी सगळी बुढीच्या, माझ्या बायकोच्या हातची. धान पोटरीत आला आणि ती गेली. मग कापणी झाली. लोंब्या आत, बुडखे बाहेर असे भारे रचून आम्ही शेतातल्या बांधीतच पुंजणा घातला. खाली गोल, वर टोक. धान चुरण्याची, मळणीची मशीन अजून दुसऱ्यांच्या धानात अडकलेली आणि इकडे आभाळ भरून आलं. लोंबी भिजली की कोंब फुटतात. तिनं लावलेला शेवटचा धान मला सडू द्यायचा नव्हता. ताटावरून उठायचो, आभाळ पाहायचो, पुन्हा बसायचो.

पांघरूण दरवर्षी तीच शिवायची, खताच्या रिकाम्या चुंगड्या उसवून. माप-बिप काही नाही. कमी पडलं का आणखी एक चुंगडी जोड. गेल्या वर्षीचं होतं, ते यंदा उंदरांनी खाल्लं. मी पुंजण्याशेजारी बांबू उभा करून उंची घेतली, बुडाचा घेर दोरीनं घेतला आणि दाभण घेऊन बसलो. सरळ पट्ट्यासारखं शिवलं, नेलं, चढवलं. टोकाशी कापडाचं गाठोडं झालं आणि खाली हातभर धान उघडाच.

सून सोबत होती. दहावी शिकलेली. म्हणाली, "मामाजी, पुंजण्याले घागरा शिवला का तुमी?"

"हासू नोको. आभाळ पाय आधी."

"बांबू सरळ उभा राहाते जी, धान उतरता बसला आहे. दोरी टोकापासून अंगाअंगानं खाली सोडा."

सोडली. बांबूच्या खुणेपेक्षा चांगलीच लांब भरली.

घरी येऊन तिनं अंगणात खुंटी ठोकली, तीच दोरी तिला बांधली आणि कोळशानं गोल ओढला. बुडाच्या घेराची दोरी त्या गोलावर पसरत नेली. ती जिथून सुरू झाली आणि जिथं संपली, त्या दोन्ही ठिकाणांपासून खुंटीपर्यंत रेघा मारल्या.

"एवढाच तुकडा पायजे, बाकी गोल सोडा. घेराले तिरप्या दोरीनं गुणाचं अन् निम्मं कराचं, तेवढं कापड. शाळेत होतं आमाले."

"मंग मी शिवत होतो तवा काहून नाही सांगतलं?"

"तुमी त्या दाभणाले कोणाले हात लावू देता का?"

खोटं नव्हतं. बुढीचं दाभण होतं ते. वारा सुटला होता, चुंगड्या अंगणभर उडत होत्या. मी दाभण तिच्या हातात दिलं आणि चुंगड्या दाबून धरल्या. भरभर शिव, भरभर शिव, एवढंच म्हणत राहिलो. ती एकदा वैतागून म्हणाली, "तोंडानं शिवणं होते का, मामाजी?"

चढवलं तेव्हा टोकावर टोक बसलं, कड जमिनीला टेकली. चहूकडून दगड ठेवले. थेंब सुरू झाले.

"चला जी, भिजून राहिले तुमी!" शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून सून ओरडली.

मी कोपरापर्यंत हात आत घातला. कोरडं. दुसऱ्या बाजूनं घातला, तिथंही कोरडं. तरी पाय थांबेनात. पुंजण्याभोवती फिरतच राहिलो.