मामीने वाचलेला दाब

माझा मामा ताडपत्र्या शिवायचा. ट्रकवर टाकायच्या, दुकानांच्या पुढे बांधायच्या, पाण्याच्या टाक्या झाकायच्या. त्याच्या दुकानात जरा वेळ बसलं तरी मेणाचा आणि जाड कापडाचा वास अंगाला चिकटायचा आणि घरापर्यंत सोबत करायचा. चाळिशी उलटेपर्यंत हा माणूस घोट्याच्या वर पाण्यात गेला नव्हता. एकदा तलावावरच्या कुणीतरी फाटलेलं शीड शिवायला आणलं. मामाने ते शिवलं, आणि हे उभं कशावर राहतं ते बघू म्हणून पोहोचवायला स्वतः गेला. गेला तो तिथलाच झाला.

विंडसर्फिंग म्हणजे पाण्यावर एक फळी, फळीवर डोलकाठी, डोलकाठीला शीड आणि शिडाला लोंबकळलेला माणूस. यात शहाण्या माणसाने करण्यासारखं काय आहे हे मला आजही कळलेलं नाही. पहिले काही महिने मामा नुसता पडत होता. मामी म्हणायची, "यांचे कपडे वेगळे धुवायला लागत नाहीत. अंगावरच धुऊन येतात."

पण मामाने कुठलंच काम कधी अर्धवट केलं नाही. तलावाच्या काठावर हवामानाचं छोटं केंद्र होतं. खांबावर तीन वाट्या गरगरायच्या, खाली पांढरी पेटी, आणि त्या पेटीतले आलेख मोबाईलवर यायचे. रात्री जेवणं झाली की मामा मला आणि मामीला समोर बसवून ते शिकवायचा. निळी रेघ सरासरी वाऱ्याची, लाल रेघ झोतांची.

"लाल आणि निळी जवळजवळ चालत असतील तर वारा सरळ स्वभावाचा. लांब असतील तर लहरी, त्याच्या नादी लागायचं नाही. आणि खाली ही हिरवी, हवेच्या दाबाची. तिचा आकडा पाठ करू नका. कालच्यापेक्षा उतरलाय का चढलाय, एवढंच बघा. उतरला तर वाईट, चढला तर बरं."

हे शेवटचं वाक्य मामीने मनात पक्कं बसवलं.

मग मामाला काचबिंदू निघाला. हा आजार नजर कडेकडेने खात येतो, त्यामुळे ज्याची नजर जाते त्याला कळतही नाही. मामा एका भर सकाळी, लख्ख उजेडात, नांगर टाकून उभ्या असलेल्या होडीवर जाऊन आदळला. खांदा निखळला. डॉक्टरांनी तपासलं आणि स्पष्टच सांगितलं, की उरलेली नजरही फार दिवस टिकणार नाही.

मामा रडला नाही. त्याने एकच हट्ट धरला. इतक्या वर्षांत तो कधी तलावाच्या पलीकडच्या काठाला गेला नव्हता. जाऊ, जाऊ म्हणत राहून गेलं होतं. पूर्ण अंधार व्हायच्या आत त्याला एकदा पलीकडे जाऊन यायचं होतं. घरात भांडण झालं. मामी बोलली, मग अबोला धरला, मग पुन्हा बोलली. शेवटी ठरलं ते असं: तलावावरचा बोटवाला मोटरबोट घेऊन सोबत राहील, आणि आलेख मनासारखा असेल त्याच दिवशी मामा जाईल. आता त्याला त्या बारीक रेघा दिसत नव्हत्या. म्हणून वाचायचं मामीने. "तू हो म्हणशील त्या दिवशी," मामा म्हणाला. त्याने हे कबूल केल्यावर मामीला नाही म्हणायला जागाच उरली नाही.

मग मामी खोटं वाचू लागली.

रोज सकाळी ती पदराला हात पुसायची, मोबाईल डोळ्यांसमोर धरायची आणि म्हणायची, "आज उतरलाय हो. दोनाने." कधी तीनाने. वर लाल रेघ कशी उधळली आहे त्याचं वर्णन. एकदा मी तिच्या मागेच उभी होते. निळी आणि लाल रेघ एकमेकींचा हात धरून चालल्या होत्या, हिरवी पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. मामीने वळून माझ्याकडे पाहिलं. मी तोंडाला कुलूप लावलं. त्या घरी मी जेवायला जायचे, साक्ष द्यायला नाही.

असं बरेच आठवडे चाललं. मग एका सकाळी "दोनाने उतरलाय" ऐकल्यावर मामाने कप खाली ठेवला.

"अगं, तू सांगतेस तसा दाब रोज उतरत गेला असेल, तर आपलं घर आता डोंगराच्या माथ्यावर असायला हवं, इतका कमी दाब तिथेच असतो. जरा खिडकीतून वाकून बघ, खाली ढग दिसतायत का."

मी फिस्सकन हसले. मामी हसली नाही. ती उठून आत गेली. खोटं बोलायचं तर अधूनमधून दाब चढवायलाही हवा, हे त्या बिचारीच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुला कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग बोटवाल्याला फोन करून का नाही विचारलंस?"

मामा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "ती कधी खोटं बोलत नाही गं. कापड वीतभर कमी भरलं तरी गिऱ्हाइकाला आपणहून सांगते. तिला खोटं बोलावं लागतंय म्हणजे किती घाबरली असेल. म्हटलं, राहू दे थोडे दिवस." मग आतल्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पण आता उतरलाय म्हणालीस तर मी ऐकणार नाही हं."

मामी दारात आली. तिचे डोळे लाल झाले होते. "यापुढे दिसेल तेच वाचीन," ती म्हणाली.

आणि तसा दिवस आलाच. सकाळी मामीने सपाट आवाजात वाचलं: रेघा जवळजवळ, दाब कालच्याइतकाच. आम्ही तिघं तलावावर गेलो. वारा सारखा वाहत होता. पलीकडच्या काठामागे टेकड्या होत्या आणि त्यांच्यामागे काय शिजत होतं ते कुणालाच दिसत नव्हतं. शिकाऊ पोरं फळ्या घेऊन पाण्यात होती. बोटवाल्याने इंजिन चालू केलं. मामा गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि त्याने शीड वर ओढलं. बाकावर बसलेल्या मामीला त्याने ओरडून सांगितलं, "शेवटचं एकदा वाच."

मामीने मोबाईल बघितला. मीही वाकून बघितलं. निळी, लाल तशाच होत्या, पण हिरवी रेघ अचानक वर गेली होती. चढला तर बरं. मामीने मान वर करून मामाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही पुन्हा खोटं बोलणार, आणि खरं सांगते, बोलावं असंच मला वाटत होतं.

"चढलाय," मामी म्हणाली. तिला हुंदका आवरत नव्हता. "आत्ताच चढलाय. जा तुम्ही."

मामाचे हात थांबले. "हळूहळू, का एकदम?"

"एकदम. पायरीसारखा."

मामाने शीड पाण्यात सोडून दिलं. "शिट्टी घाल," तो बोटवाल्याला म्हणाला. "सगळी पोरं बाहेर काढ. आत्ता."

पोरं कुरकुरत बाहेर आली. शेवटची दोघं बोटीतून काठाला लागली, तोवर वारा पडला होता. मग टेकड्यांच्या बाजूने पाणी काळं होत आमच्याकडे आलं. काठावरच्या फळ्या पत्रावळीसारख्या उडाल्या, भाड्याच्या होड्या उलट्या झाल्या, खांबावरच्या वाट्या इतक्या जोरात फिरायला लागल्या की दिसेनात. आम्ही फळ्या ठेवायच्या खोलीत शिरून दार आतून दाबून धरलं.

वाऱ्याचा जोर जरा ओसरला तेव्हा मामी म्हणाली, "चढला म्हणजे चांगलं ना? तुम्हीच शिकवलंत."

"हळू चढला तर. असा उडी मारून चढला तर वादळाची थंड हवा दारात येऊन ठेपलेली असते. तेवढं शिकवायचं राहून गेलं माझं."

मामीने ओला पदर पिळला. "मला वाटलं, मी तुम्हाला पाठवतेय."

"कळलं मला ते."

"आणि मी रोजच्यासारखं उतरलाय म्हणाले असते तर?"

मामाने चाचपडत तिचा हात शोधला. "तर खोटंच समजून मी गेलो असतो," तो म्हणाला.

त्या वर्षात तसा दिवस पुन्हा आला नाही, आणि वर्ष संपायच्या आत मामाला काहीच दिसेनासं झालं. पलीकडचा काठ राहिला तो राहिलाच. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

मामी अजूनही रोज सकाळी आलेख वाचते, आता आकड्यासकट. रेघा जवळजवळ असल्या की मामा मान तिरकी करून विचारतो, "आज जाण्यासारखं आहे?"

"आहे," मामी म्हणते, आणि त्याचा कप त्याच्या हाताजवळ सरकवते.