बाईंच्या मॉनिटरमधली घरघर

त्या रविवारी अमरावतीच्या चर्चमध्ये उपासनेला चाळीस मिनिटं उरली होती आणि स्टेजवरचा मॉनिटर घूंऽऽ करत होता. मॉनिटर म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कळावा म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर. ती घरघर घालवायलाच मी अकोल्याहून पहिल्या बसनं आलो होतो.

गाणार होत्या एक निवृत्त शिक्षिका. नवरा गेल्यापासून वर्षभर त्या गायल्या नव्हत्या. कानांनी कमी ऐकू येई.

"भाऊ, हे कावून घुमून राह्यलं?" त्यांनी विचारलं. "मले माहा आवाजच समजत नाही. नसन जमत तं सांगा, मी नाही गात."

मिक्सरवर, म्हणजे सगळ्या माईकचे आवाज कमीजास्त करायच्या यंत्रावर, त्यांचा आवाज शून्यावर आणला. घरघर तशीच. मॉनिटरमधून मिक्सरची वायर उपसली, तर तो गप्प. म्हणजे स्पीकर ठीक होता. नवी वायर लावली, पुन्हा घूंऽऽ.

कमिटीतले एक काका जवळ आले. "प्लगची जाड पिन तोडा ना. अर्थिंग गेलं का आवाज बंद. आमी मांगं तसंच केलं."

आवाज खरंच बंद झाला असता. वलगावला एका भजनात मी तेच केलं होतं. माईक ओठांना लागताच गाणारा विजेच्या झटक्यानं मागे फेकला गेला. तो वाचला, पण त्यानंतर मी एकही पिन तोडली नाही.

"नाही तोडणार," मी म्हणालो.

"मंग बाईले काय सांगता?"

लोक येऊन बसू लागले होते. मी वायरी चाचपत भिंतीपर्यंत गेलो. मिक्सरला वीज मागच्या दाराजवळच्या बोर्डावरून, मॉनिटरला स्टेजच्या बोर्डावरून. दोन वेगळी अर्थिंगं, आणि मधल्या वायरीनं जोडलेली; घरघर तिथूनच येत होती! लांब एक्स्टेंशन ओढून मॉनिटर मिक्सरच्याच बोर्डावर घेतला. बटण दाबलं. काहीच ऐकू येईना. स्पीकरच गेला की काय, म्हणून बाईंचा आवाज मिक्सरवर पुन्हा वाढवला.

"बोला, बाई."

"हालो," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकल्या.

उपासना सुरू झाली. गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात त्या थांबल्या. पेटीवाल्यानं तीच ओळ पुन्हा वाजवली, मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा बाईंनी ती उचलली आणि गाणं शेवटापर्यंत नेलं.

उपासनेनंतर काकांनी मला दाराशी गाठलं. "तुमची बस कितीची हाये? माह्या घरच्या कूलरचीबी पिन मीच तोडली. नातू त्याच्या पाण्यात हात घालते."

मी पिशवी उचलून त्यांच्यासोबत निघालो.